शालेय मुलांचे रक्तगट : महाराष्ट्रातील आकडेवारीमागचा इतिहास

शाळेच्या ओळखपत्रावर नाव, इयत्ता आणि पालकांचा दूरध्वनी क्रमांक यांच्याखाली ‘रक्तगट’ हा रकाना आता जवळपास सगळीकडे दिसतो. तो भरण्यासाठी शाळांमध्ये तपासणी शिबिरे होतात आणि शेकडो मुलांचे निकाल एकत्र आले, की त्यांची टक्केवारी काढावीशी वाटणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रात असा तक्ता कुठेही केला, तरी त्याचे ढोबळ रूप फारसे बदलत नाही. ओ आणि बी हे दोन गट साधारण एक-एक तृतीयांश असतात, कधी हा थोडा पुढे तर कधी तो. ए हा गट त्यांच्या मागोमाग, चौथाईच्या आसपास असतो. एबी दहा टक्क्यांच्या आत राहतो आणि शंभरातली सुमारे पाच मुले आरएच निगेटिव्ह, म्हणजे लाल पेशींवर आरएच हा घटक नसलेली, निघतात. हे प्रमाण पहिल्यांदा कोणी मोजले, त्यातून काय शोधले गेले आणि शाळेतल्या तक्त्यावर किती विसंबावे, हे समजून घ्यायचे तर सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

व्हिएन्नातील कार्ल लँडस्टायनर यांनी आपल्या सहकाऱ्यांचे रक्त घेऊन, एकाच्या रक्तद्रवात दुसऱ्याच्या लाल पेशी मिसळून पाहिल्या. काही जोड्यांमध्ये पेशींचे पुंजके झाले, काहींमध्ये झाले नाहीत. १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात तीन गट होते. चौथा, म्हणजे एबी, पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. उशिरा सापडण्याचे कारण साधे होते: हा गट सर्वांत विरळ आणि पहिल्या प्रयोगातली माणसे मोजकीच. रक्तगटांचे प्रमाण मोजताना किती जणांना मोजले याला किती महत्त्व असते, त्याचा हा पहिला धडा म्हणता येईल.

मोठ्या लोकसमूहांची मोजणी मात्र पहिल्या महायुद्धात झाली, आणि भारताची गोष्ट तिथूनच सुरू होते. लुडविक आणि हान्ना हिर्झफेल्ड हे पोलिश डॉक्टर दांपत्य सर्बियन सैन्याबरोबर ग्रीसमधील सालोनिका आघाडीवर होते. त्या एका बंदरात इंग्रज, फ्रेंच, रशियन, आफ्रिकी आणि हिंदुस्थानी सैनिक एकाच वेळी जमले होते. दोघांनी मिळून आठ हजारांहून अधिक माणसांचे रक्त तपासले आणि १९१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. इंग्रज सैनिकांत ए गट ४३.४ टक्के आणि बी ७.२ टक्के होता, तर हिंदुस्थानी सैनिकांत ए १९ टक्के आणि बी तब्बल ४१.२ टक्के निघाला. त्यांच्यात ओ ३१.३ आणि एबी ८.५ टक्के होता. भारतीयांत बी गट जास्त असतो हे आज पाठ्यपुस्तकातले वाक्य झाले आहे, पण ते पहिल्यांदा मोठ्या आकड्यांनिशी पुढे आले ते घरापासून हजारो मैल दूर, छावणीत रांगेने उभ्या राहिलेल्या या शिपायांमुळे. त्यांची नावे कोणत्याही तक्त्यात नाहीत.

हिर्झफेल्ड यांनी या आकड्यांवरून, ए आणि बी हे मुळात दोन वेगळ्या मानववंशांचे गुण असावेत आणि बीचे उगमस्थान भारत असावे, असा अंदाज बांधला. तो पुढे टिकला नाही. रक्तगटांचा वंशश्रेष्ठत्वाशी संबंध जोडण्याचे उद्योग जर्मनीत सुरू झाले, आणि पुढे नाझी अंमलाखाली ज्यू कुटुंबात जन्मलेल्या याच हिर्झफेल्ड यांना वॉर्सातील घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, राहावे लागले. रक्तगटांचे कोष्टक आणि माणसांची प्रतवारी यांत किती अंतर राखावे लागते, याचे भान या विषयाने फार मोठी किंमत मोजून मिळवले आहे.

त्या आकड्यांचा खरा उपयोग गणितज्ञ फेलिक्स बर्नस्टाइन यांनी १९२४ च्या सुमारास करून दाखवला. तोवर समज असा होता, की ए आणि बी हे दोन स्वतंत्र जनुकांतून येतात. तसे असेल, तर हिंदुस्थानी सैनिकांत ए असलेले (ए आणि एबी मिळून) २७.५ टक्के आणि बी असलेले (बी आणि एबी मिळून) ४९.७ टक्के यांचा गुणाकार एबीइतका यायला हवा. तो येतो सुमारे १३.७ टक्के, आणि प्रत्यक्षात एबी ८.५ टक्केच आहेत. बर्नस्टाइन यांनी एकाच जागेवर येणारी जनुकाची तीन पर्यायी रूपे धरली. ओ गटासाठी दोन्ही पालकांकडून ओ हेच रूप यावे लागते. या रीतीने ओ गटाच्या ०.३१३ चे वर्गमूळ काढले, की ओ रूपाचे प्रमाण ०.५६ मिळते. ओ आणि बी गटांच्या बेरजेचे वर्गमूळ एकातून वजा केले, की ए रूपाचे ०.१५ येते, आणि ओ आणि ए गटांच्या बेरजेवरून तसेच बी रूपाचे ०.२९. तिघांची बेरीज जवळपास बरोबर एक होते, आणि ए-बी एकत्र येण्याचे अपेक्षित प्रमाण (०.१५ आणि ०.२९ यांच्या गुणाकाराची दुप्पट) ८.७ टक्के निघते. मोजलेल्या आकड्याशी ते इतके जुळते, की कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब स्वतः करून पाहावा असे मी आवर्जून सांगेन. शाळेच्या तक्त्यालाही हीच कसोटी लावता येते. तीन रूपांची बेरीज एकापासून फार दूर गेली, तर तपासणीत, नोंदीत किंवा मुलांच्या निवडीत कुठेतरी गफलत आहे हे ओळखावे.

बी गट भारतात इतका का, याला एकच उत्तर नाही. ओ गटाच्या माणसांना तीव्र मलेरियात काहीसे संरक्षण मिळते, पण कॉलरा झालाच तर तो त्यांच्यात अधिक उग्र होतो, एवढे चांगल्या रीतीने दिसून आले आहे. कॉलऱ्याचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या गंगेच्या मुखाजवळच्या प्रदेशात ओचे प्रमाण कमी आढळते, याचा संबंध अभ्यासक त्याच्याशी जोडतात. साथींनी पिढ्यान्‌पिढ्या केलेली निवड आणि लोकसमूहांची स्थलांतरे यांचे मिश्रण या आकड्यांत साठलेले आहे.

भारतात मेलोन आणि लाहिरी यांनी १९२९ मध्ये निरनिराळ्या जातिजमातींतील रक्तगटांचे प्रमाण प्रसिद्ध केले. महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम मुंबईत झाले. विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर आणि ल. द. संघवी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतील सहा अंतर्विवाही (आपल्याच समूहात लग्ने करणाऱ्या) गटांमध्ये रक्तगटांसह सात आनुवंशिक गुण तपासले. एकाच शहरात, शेजारी राहणाऱ्या आणि एकच भाषा बोलणाऱ्या गटांतही प्रमाणे वेगळी असू शकतात, हे या प्रकारच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले. पुढे इरावती कर्वे आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये एकाच सामाजिक दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना मांडली. लग्ने आपापल्या गटातच होत राहिली, की जनुकांचे हिशेबही वेगवेगळ्या वह्यांत राहतात. त्यामुळे ‘जिल्ह्याचे प्रमाण’ म्हणून जो एक आकडा आपण लिहितो, तो अशा अनेक वह्यांची सरासरी असतो.

मुंबईचे नाव जगाच्या रक्तविज्ञानात कायमचे कोरले गेले ते मात्र १९५२ मध्ये. डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशा व्यक्तींची नोंद केली, ज्यांच्या पेशी ओ गटासारख्या वाटत, पण ज्यांचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींचेही पुंजके करी. ए आणि बी ही चिन्हे ज्या पायाभूत ‘एच’ पदार्थावर उभी राहतात, तोच या व्यक्तींच्या लाल पेशींवर तयार होत नाही. म्हणून त्यांना केवळ आपल्यासारख्याच माणसाचे रक्त चालते. हा ‘बॉम्बे रक्तगट’ भारतात साधारण दहा हजारांत एक असा धरला जातो, युरोपात तो दहा लाखांत एखादा. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा पट्टा आणि दक्षिण महाराष्ट्र या भागांत मूळ असलेल्या कुटुंबांत तो तुलनेने अधिक सापडतो. दोन्ही पालकांकडून तेच जनुक मिळाले तरच तो प्रकट होतो, त्यामुळे नात्यातल्या लग्नांशी त्याचा संबंध आहे. १९५७ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले, तेच आजच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेचे मूळ होय.

आरएच घटकाची ओळख १९४० ची. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे १५ टक्के आरएच निगेटिव्ह असतात, आपल्याकडे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. प्रमाण कमी असल्याने हा प्रश्न आपला नव्हे असे वाटू शकते, पण हजार मुलींच्या शाळेत अशा पन्नासेक मुली असतात. पुढे बाळ आरएच पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्ये (अँटिबॉडी) पुढच्या बाळाच्या जिवावर बेतू शकतात. १९६८ पासून उपलब्ध असलेल्या अँटी-डी इंजेक्शनाने हे टाळता येते, मात्र आईचा गट आधी ठाऊक असायला हवा. शालेय तपासणीचा सर्वांत भक्कम वैद्यकीय उपयोग मला यातच दिसतो. अठरा वर्षांखालील मुले रक्तदाते नसतातच.

ही तपासणी शाळेपर्यंत पोहोचली ती तंत्र स्वस्त झाल्यावर. पूर्वी चाचणीचा द्रव माणसांच्या रक्तातून काढावा लागे आणि त्याची ताकद बाटलीगणिक बदले. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकजिनसी प्रतिद्रव्ये बनवण्याची रीत शोधली, आणि पुढच्या काळात निळा अँटी-ए, पिवळा अँटी-बी आणि रंगहीन अँटी-डी अशा छोट्या बाटल्या सर्वत्र मिळू लागल्या. शिबिरात मुलाचे बोट स्पिरिटच्या बोळ्याने पुसून टोचतात, काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब घेतात, प्रत्येकात एकेका बाटलीतला थेंब घालून काडीने ढवळतात आणि काचपट्टी हलकेच डोलावतात. काही सेकंदांत एखाद्या थेंबात बारीक रव्यासारखे लाल कण उठतात, बाकीचे थेंब एकसारखे राहतात. निकाल दोनेक मिनिटांत वाचायचा असतो. वर्गात पंखा सुरू असेल आणि रांग लांब असेल, तर थेंबाच्या कडा वाळतात आणि वाळलेली कडही कणांसारखीच दिसते. अशा वेळी ओचा ए किंवा बी होणे अवघड नसते.

मग अभ्यासासाठी शाळकरी मुलेच का? रुग्णालयात आलेले लोक आजारी असतात. रक्तपेढीच्या नोंदींत तरुण पुरुषांचा भरणा असतो, शिवाय निगेटिव्ह दात्यांना पुन्हा पुन्हा बोलावले जात असल्याने त्यांची संख्या फुगते. शाळेत मुलगे आणि मुली दोन्ही असतात आणि अख्खा वर्ग एका सकाळी तपासून होतो. तरीही मर्यादा आहेतच. सख्खी भावंडे एकाच शाळेत असतात, पालकांची संमती न मिळालेली मुले गळतात, शाळा सोडलेली मुले तक्त्यात येतच नाहीत, आणि आश्रमशाळेचा तक्ता एकदोन जमातींचा असतो, तालुक्याचा नव्हे. संख्येचेही भान हवे. ४०० मुलांत एबी ८ टक्के म्हणजे ३२ मुले, पण केवळ योगायोगाने हा आकडा २१ ते ४३ यांमध्ये कुठेही पडू शकतो. त्यामुळे दोन तालुक्यांत एबी ७ आणि ९ टक्के आले, तर तो फरक आहे असे म्हणता येत नाही.

शिबिरातील काचपट्टीवर फक्त मुलाच्या पेशी तपासल्या जातात. त्याच्या रक्तद्रवाची उलट तपासणी, जिच्यामुळे १९५२ चा शोध लागला, तिथे होत नाही. म्हणून बॉम्बे गटाच्या मुलाच्या ओळखपत्रावर ‘ओ’ असेच लिहिले जाते, आणि आरएच घटक क्षीण असलेले मूल निगेटिव्ह ठरू शकते. कार्डावर काहीही छापलेले असले, तरी रक्तपेढीत रुग्णाचा नमुना नव्याने घेतला जातो, पेशी आणि रक्तद्रव दोन्ही बाजूंनी गट ठरवला जातो आणि दात्याच्या पिशवीतील रक्ताशी तो जुळवून पाहिल्यावरच पिशवी वॉर्डात पाठवली जाते.