पर्यटक गाईड आणि इंटरप्रिटिव्ह गाईड : दोन प्रशिक्षणांतला फरक

गोव्यात गाईड होऊ पाहणाऱ्या तरुणांशी बोलताना एक गोंधळ वारंवार जाणवतो. ‘इंटरप्रिटेशनचा कोर्स’ म्हटले की काहींना दुभाष्याचे काम आठवते, म्हणजे रशियन किंवा फ्रेंच पाहुण्यांसाठी भाषांतर करणे. काहींना तो नेहमीच्या गाईड-प्रशिक्षणाचाच महागडा प्रकार वाटतो. हे दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि त्यापायी चुकीच्या अपेक्षेने प्रवेश घेणारे, मग निराश होणारे उमेदवार मी पाहिले आहेत. इथे इंटरप्रिटेशन म्हणजे समोरच्या जागेचा अर्थ पाहणाऱ्यापुढे उलगडणे. त्याला मराठीत ‘अर्थबोधन’ म्हणता येईल.

पहिले प्रशिक्षण आपल्या परिचयाचे आहे. गोव्यात १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली गाईडला नोंदणी करावी लागते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा ‘इन्क्रेडिबल इंडिया टुरिस्ट फॅसिलिटेटर’ हा ऑनलाइन अभ्यासक्रमही याच वळणाचा आहे. इतिहास, भूगोल, स्थळांची माहिती, पाहुण्यांशी वागण्याची रीत, प्रथमोपचार आणि नियम हे अशा शिक्षणाचे मुख्य विषय असतात, आणि परीक्षेत बहुतेक प्रश्नांना एकच बरोबर उत्तर असते. हे शिक्षण दुय्यम नाही. जुने गोवे येथील चर्च आणि मठांना १९८६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, तेव्हापासून तिथे येणाऱ्या प्रत्येकाला किमान खरे साल आणि खरे नाव सांगितले जाणे हा त्याचा हक्कच आहे.

दुसऱ्या प्रशिक्षणाची सुरुवात जिथे पहिले थांबते तिथून होते. अमेरिकेतील लेखक फ्रीमन टिल्डन यांनी १९५७ साली अर्थबोधनाची सहा तत्त्वे मांडली. माहिती म्हणजे अर्थबोधन नव्हे, मात्र प्रत्येक अर्थबोधन माहितीवरच उभे असते, हे त्यांतले कळीचे तत्त्व आहे. पुढे याच विषयाचे अमेरिकन अभ्यासक सॅम हॅम यांनी विषय आणि सूत्र यांतला फरक ठामपणे मांडला. ‘खाजन शेती’, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती, हा झाला विषय. ‘भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाळले म्हणूनच या गावांना खाऱ्या पाण्याच्या कडेला भात पिकवता आला’ हे झाले सूत्र. सूत्र हे पूर्ण वाक्य असते आणि त्यात काहीतरी म्हटलेले असते. उमेदवाराला आपल्या फेरीचे सूत्र एका वाक्यात लिहायला लावणे हा या प्रशिक्षणाचा पहिला आणि माझ्या मते सर्वांत अवघड धडा आहे. सूत्र पक्के झाले की बांध कुठे दाखवायचा, मानशीची, म्हणजे बांधातल्या जलद्वाराची, दारे भरतीला कशी मिटतात हे कधी सांगायचे, कोरगुट भाताचे दाणे कोणत्या क्षणी हातावर ठेवायचे आणि बाकीचे काय गाळायचे, हे ठरवणे सोपे होते.

जुने गोवे येथील बाँ जेजस बासिलिकेसमोर उभे राहिले की दोन पद्धतींमधला फरक लगेच कळतो. पहिल्या प्रशिक्षणातून आलेला गाईड सांगेल की बांधकाम १५९४ साली सुरू झाले, १६०५ साली वास्तूचा अभिषेक झाला आणि आत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत. ते सगळे बरोबर आहे. दुसऱ्या प्रशिक्षणातला गाईड आधी विचारेल, “तुमच्या घराच्या भिंती कशाच्या आहेत?” मंडळीत गोवेकर असतील तर कोणीतरी ‘चिऱ्याच्या’ म्हणेलच. मग तो ही भिंतही त्याच जांभ्याच्या चिऱ्यांची असल्याचे दाखवेल. जांभा सच्छिद्र असतो, पाणी शोषतो, म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा देण्याची रीत होती. या वास्तूचा गिलावा १९५०च्या दशकात उतरवण्यात आला, आणि आज ज्या लालसर भिंतीला लोक प्राचीन समजून तिच्यासमोर छायाचित्रे काढतात, ती तेव्हापासून पावसाळ्यामागून पावसाळे उघड्याने झेलते आहे. गिलावा पुन्हा द्यावा की नाही याविषयी मतभेद आहेत. ते तो दोन्ही बाजूंनी मांडेल आणि निर्णय ऐकणाऱ्यांवर सोडेल. यात सालेही येतात, पण प्रत्येक साल कशाचे तरी उत्तर म्हणून येते.

निसर्गाच्या बाबतीत मला रोयणीचे, म्हणजे वारुळाचे, उदाहरण सर्वांत जवळचे वाटते. सत्तरी किंवा सांगे तालुक्याच्या रानातून जाताना वाळवीचे उंच वारूळ दिसले, तर प्रजातीचे नाव आणि वारुळाची उंची सांगून पुढे जाता येते. परंतु त्या एका मातीच्या ढिगात किती गोष्टी एकत्र आल्या आहेत पाहा. काही वाळव्या वारुळाच्या आत बुरशीची चक्क शेती करतात. कामकरी वाळव्या पालापाचोळा आणि लाकूड आत नेतात, बुरशी ते कुजवते आणि त्यातून वाळवीचे पोट भरते. पावसाळ्यात त्याच बुरशीची छत्री जमिनीबाहेर येते, तिला आपण अळमी म्हणतो, आणि ती घरी आली की त्या दिवशी स्वयंपाकघराचा वासच वेगळा असतो. हीच रोयण गोव्यात सातेरी देवी म्हणून पुजली जाते. अनेक देवळांच्या गाभाऱ्यात आजही मूर्तीच्या जागी किंवा मूर्तीजवळ वारूळ असते. म्हणजे कीटकशास्त्र, शेती, आहार आणि भूदेवीची उपासना एका जागी आहे, आणि ‘निसर्ग’ व ‘वारसा’ असे दोन वेगळे कप्पे करणारा अभ्यासक्रम इथे अपुरा पडतो. या रोयणीवरची दहा मिनिटे नीट बांधता आली, तर त्या उमेदवाराला अर्थबोधन समजले असे मी मानतो. मात्र जिथे पूजा होते तिथे पादत्राणे काढणे, छायाचित्रांसाठी विचारणे आणि वारुळाला हात न लावणे हेही त्याच शिक्षणाचे अंग आहे.

तंत्राचा भाग थोडक्यात सांगतो. उन्हाकडे तोंड गाईडने करावे, पाहुण्यांनी नव्हे. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबावे. चोडणच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात खारफुटीवर भाषण देण्यापेक्षा तिवराचे एक पान जिभेला लावून खारट चव घेऊ द्यावी, म्हणजे झाड मीठ कसे बाहेर टाकते हे मुलांना समजावून सांगण्याची गरजच उरत नाही.

दुसऱ्या प्रशिक्षणाचा धोकाही स्पष्ट सांगायला हवा. रंगवून सांगण्याच्या नादात दंतकथा इतिहास म्हणून विकली जाते. वारसास्थळांच्या जतनासाठी काम करणाऱ्या इकोमोस या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००८च्या सनदेत अर्थबोधनाचा आधार विश्वसनीय पुराव्यावर असावा आणि स्थानिक समाजाचा त्यात सहभाग असावा, असे म्हटले आहे. जुने गोवे येथे १५६० ते १८१२ या काळातील इन्क्विझिशनविषयी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतल्या धर्मन्यायालयाविषयी, बोलताना तर हे फारच जपावे लागते. एकाच गटात हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही गोवेकर उभे असतात, आणि दोघांच्याही घरी त्या काळाची आठवण वेगळ्या तऱ्हेने जपलेली असते. ती जखम टाळूनही चालत नाही आणि तिच्यावर मीठ चोळूनही चालत नाही. इथे पाठ केलेली माहिती पुरत नाही, पण अपुऱ्या अभ्यासावरची कथनकला त्याहून घातक ठरते. म्हणून आधी माहितीचे शिक्षण, मग अर्थबोधनाचे, असा क्रम मला योग्य वाटतो.

प्रमाणपत्रांचे स्वरूपही वेगळे आहे. अमेरिकेतील नॅशनल असोसिएशन फॉर इंटरप्रिटेशनचा प्रमाणित गाईडचा मूळ अभ्यासक्रम ३२ तासांचा, तर इंटरप्रेट युरोपचा ४० तासांचा आहे. दोन्हींमध्ये लेखी चाचणीच्या जोडीला उमेदवाराला प्रत्यक्ष सादरीकरण करून दाखवावे लागते. पण यांतले कोणतेही प्रमाणपत्र गोव्यातल्या नोंदणीची जागा घेत नाही, आणि नोंदणी आहे म्हणून अर्थबोधन येते असेही नाही. कोणता अभ्यासक्रम समोर आहे हे ओळखायचे असेल, तर माहितीपत्रकातल्या विषयांच्या यादीपेक्षा परीक्षा कशी घेतात ते विचारावे. सर्व गुण लेखी उत्तरांना असतील तर ते पहिले प्रशिक्षण. आणि जागेवर उभे करून, ऐकणाऱ्यांसमोर, त्यांच्या भाषेत दहा मिनिटे बोलायला लावत असतील तर दुसरे. सत्तरी तालुक्यातल्या मुलाला ती दहा मिनिटे मराठीत किंवा कोकणीत देण्याची मुभा आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.