दोघांसाठी समुद्रकिनारी निवांत रिसॉर्ट निवडताना
(सांगली-मिरज परिसरातील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असतो, मुलांची बारावी एकदाची संपलेली असते, किंवा दुकानाचा हिशोब मार्गी लागलेला असतो. अशा वेळी आमच्या विश्रामबागच्या ऑफिसात जोडपी येतात आणि पहिले वाक्य ठरलेले असते : "गर्दी नको, जरा चांगले बघा, पैशाचे नंतर बोलू." यातले 'चांगले' शोधणे सोपे आहे. अडते ते 'गर्दी नको' या दोन शब्दांपाशी. महागड्या रिसॉर्टला लॉन मोठे असते आणि मोठे लॉन फार दिवस रिकामे राहत नाही. तिथे लग्ने होतात, नाहीतर कुठल्यातरी कंपनीची डीलर मीट होते.

हे आम्ही ठेच लागून शिकलो. काही वर्षांपूर्वी मालवण बाजूच्या एका नावाजलेल्या रिसॉर्टमध्ये आम्ही एका जोडप्याला पाठवले. खोली उत्तम होती, जेवणाला नाव ठेवायला जागा नव्हती. पण त्याच दोन दिवसांत तिथे दीडेकशे माणसांचे संमेलन होते आणि सकाळपासून 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' चालू. काकूंनी परत आल्यावर एवढेच विचारले, "याच्यापेक्षा गणपती पेठेत राहिलो असतो की?" त्या दिवसापासून आम्ही फोटो नंतर बघतो, आधी फोन करतो.

फोनवर काय विचारायचे

पहिला प्रश्न खोल्या किती आहेत हा. वीसच्या आत असतील तर पुढे बोलायचे. दुसरा, आपल्या तारखांना लॉन किंवा हॉल कोणी घेतला आहे का. हे विचारल्याशिवाय कोणी आपणहून सांगत नाही. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकरला कायद्याने मनाई आहे, पण तुम्ही दुपारी आडवे होणार असाल तर त्या कायद्याचा काही उपयोग नाही.

मग जनरेटर कुठे आहे ते विचारा. कोकणात वीज जाते, त्यामुळे जनरेटर हवाच. तो आपल्या खिडकीखाली नको, एवढेच. स्विमिंग पूल, स्वयंपाकघर आणि पार्किंगच्या बाजूची खोलीही टाळा. आम्ही बहुधा टोकाचे कॉटेज मागतो. मात्र तिथून जेवणघरापर्यंत चालावे लागते आणि वाट बऱ्याचदा जांभ्याच्या पायऱ्यांची असते. गुडघे दुखत असतील तर आधी सांगा, लाजू नका.

'सी व्ह्यू' म्हणजे खोलीतून समुद्र दिसतो. किती दिसतो, ते माडांच्या झावळ्या ठरवतात. 'सी फेसिंग' म्हणजे खोलीचे तोंड समुद्राकडे. 'बीच टच' म्हणजे आवाराचे फाटक वाळूवर उघडते, पण खोली तिथून लांब असू शकते. ग्रामीण किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांची बंदी आहे. त्यामुळे नवेकोरे रिसॉर्ट 'लाटा पायरीला लागतात' म्हणून जाहिरात करत असेल तर आम्ही जरा थांबतो. मध्ये सुरूचे बन असले तर उलट बरे : सावली मिळते, आणि लाटांचा आवाज गाळून येतो. हसू नका, समुद्र रात्रभर गरजतो. घाटावरच्या माणसाला पहिल्या रात्री झोप लागत नाही, दुसऱ्या रात्री त्याच आवाजाने लागते. म्हणून एका रात्रीची सहल आम्ही सुचवत नाही.

आणखी एक. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. समुद्राकडची बाल्कनी दुपारी तीन ते सूर्यास्तापर्यंत तापते. मार्चनंतर जाणार असाल तर बाल्कनीला छप्पर आहे का ते विचारा.

कुठे जायचे

मालवण आणि तारकर्ली म्हणजे स्कूबा, पॅरासेलिंग आणि जेट स्की. मजा आहे, पण निवांतपणा नाही. तिथूनच देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते आणि नदीपलीकडे भोगवे, मग निवती, खवणे लागतात. दोघांसाठी आमची पहिली पसंती या पट्ट्याला. खोल्या मोजक्या, घरगुती जेवण, सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणारे लोक दिसले तर नशीब. त्याखाली वेंगुर्ले आणि शिरोड्याचे वेळागर. याच शिरोड्याला 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला होता, हे आमच्याकडे येणाऱ्या शिक्षक मंडळींना हटकून आठवते.

खरी पंचतारांकित सेवा हवी असेल तर मात्र दक्षिण गोव्यात, बाणावली ते कावेलोशी या पट्ट्यात जावे लागते. तिथली हॉटेले मोठी आहेत, म्हणून लॉनचा प्रश्न तिथे दोनदा विचारतो. आगोंद आणि गालजीबाग हे त्याहून दक्षिणेचे किनारे शांत. तिथे कासवे अंडी घालायला येतात.

सांगलीहून भोगव्याला कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट असे उतरता येते. वेंगुर्ल्याला आजरा, आंबोली, सावंतवाडी हा रस्ता. घाट लागत असेल तर निघताना पोट हलके ठेवा. गोव्याला गोवा एक्सप्रेस सांगली-मिरजेवरून थेट मडगावला जाते; गाडी चालवायचा त्रास वाचतो.

कधी जायचे

मंगळवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी तोच किनारा वेगळा असतो. दिवाळीचा आठवडा, नाताळ ते 1 जानेवारी आणि मे महिना सोडा. शिमग्यात पालख्या नाचतात. बघायला जरूर जावे, झोपायला नाही.

तासगाव-मिरजेकडचे द्राक्ष बागायतदार विचारतात ते जुलैचे. ऑक्टोबर छाटणीपासून मार्चच्या काढणीपर्यंत त्यांना मान वर करायला वेळ नसतो. पावसाळ्यात दर उतरतात आणि गर्दी नसते, हे खरे. पण 1 जून ते 31 ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात, समुद्रात पाय घालायचा नाही, आणि 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींच्या मासेमारीलाही बंदी असते. म्हणजे ताज्या सुरमईच्या आशेने जाल तर सुकटीवर भागवावे लागेल. घाटात दरड पडलीच तर परतीला एक दिवस हाताशी ठेवा. एवढे मान्य असेल तर पावसातले कोकण आम्हाला स्वतःला आवडते.

तारीख ठरवताना कालनिर्णय उघडा. कोकणातला जुना हिशोब असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. वाळूवर लांब फिरायचे तर ओहोटी हवी, ती त्यानंतर साधारण सहा तासांनी. ठिकाणानुसार वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून पाण्यात उतरण्याआधी तिथल्या माणसाला विचाराच.

पैशाचे

आता नंतर बोलायचे ते. सीपी म्हणजे फक्त नाष्टा, एमएपी म्हणजे नाष्टा आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळचे. मासे खाणाऱ्यांनी सीपी घ्यावा. पॅकेजच्या ताटात बहुधा बांगडा येतो, पापलेटचे पैसे वेगळे लागतात. सप्टेंबर 2025 पासून रोजच्या 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के आहे आणि त्याहून महाग खोलीवर 18 टक्के. म्हणजे 7,500 ची खोली करासह 7,875 ला पडते आणि 7,600 ची 8,968 ला! दर या रेषेच्या आसपास असेल तर आम्ही रिसॉर्टशी घासाघीस करतो. रद्द केल्यास किती परत मिळणार हे व्हॉट्सॲपवर का होईना, पण लेखी घेतो.

आम्हाला रिसॉर्टकडून कमिशन मिळते. कोणाकडून किती, ते विचारलेत तर सांगू.

ऑफिसला येताना दोघांची ओळखपत्रे आणा आणि जमले तर दोघेही या. बरेचदा साहेब एकटे येऊन ठरवून जातात आणि दुसऱ्या दिवशी घरून फोन येतो, की मला पोहायचे नाही, मला नुसते बसायचे आहे.