ताटासमोर बसलेले आई-बाबा

लंडनचे डॉक्टर सर विल्यम गल यांनी १८७४ मध्ये छापलेल्या निबंधात एका आजाराला नाव दिलं: अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. अन्न नाकारून खंगत गेलेल्या मुलींना ठरलेल्या वेळी खायला घाला, हा त्यांचा सल्ला आजही खरा आहे. पण त्याच निबंधात त्यांनी असंही लिहिलं, की या रुग्णांची काळजी घ्यायला नातेवाईक बहुधा सगळ्यांत वाईट. हे वाक्य शंभरेक वर्षं टिकलं. मुलीला घरापासून तोडायचं, इस्पितळात ठेवायचं, आणि आई-वडिलांवर, त्यातही आईवर, ठपका ठेवायचा. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत क्रूर वाटतं ते हेच.

वेगळी वाट निघाली तीही लंडनमध्येच. मॉडस्ली रुग्णालयात जेराल्ड रसेल, ख्रिस्तोफर डेअर आणि आयव्हन आयस्लर यांनी आई-वडिलांनाच उपचारात घेतलं. त्यांची तुलनात्मक चाचणी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. आजार एकोणीस वर्षांच्या आत सुरू झालेला आणि तीन वर्षांहून कमी जुना असेल, तर एकट्या मुलीशी बोलण्यापेक्षा कुटुंबासह केलेला उपचार जास्त उपयोगी पडला.

यात डॉक्टर ‘हे का झालं’ हे सुरुवातीला खणत बसत नाहीत. आधी जेवण. असं का, ते समजायला अमेरिकेतला एक प्रयोग आठवावा लागतो. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेली ही मुलं होती. हळूहळू त्यांना अन्नाशिवाय दुसरं काही सुचेना. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. घासघास चिवडत ताटावर तासन् तास बसू लागले. सतत थंडी वाजायची, चिडचिड व्हायची, माणसं नकोशी वाटायची. यांतल्या कोणालाही आधी खाण्याचा विकार नव्हता. म्हणजे आपण मुलीचा ‘हट्टी स्वभाव’ म्हणतो, त्यातला बराच भाग उपाशी मेंदूचा असतो. अशा मेंदूला नुसतं समजावून फारसं काही होत नाही.

म्हणून पहिल्या टप्प्यात काय आणि किती खायचं हे आई-बाबा ठरवतात, वाढतात आणि जेवण संपेपर्यंत शेजारी बसतात. दुसऱ्याच भेटीत सगळं घर डबा घेऊन थेरपिस्टकडे जातं आणि तिथे जेवतं, म्हणजे घास कुठे अडतो ते त्यांना प्रत्यक्ष दिसतं. भावंडांनी खायला लावायचं नाही, फक्त सोबत करायची. आग्रह करून वाढणं आपल्या घरांना नवं नाही, पण इथे विनवण्या, रागवारागवी, ‘माझ्यासाठी एक घास’ हे काही चालत नाही. ‘हे तुझं औषध आहे, मी इथेच बसलेय,’ एवढंच, शांतपणे, दिवसातून पाच-सहा वेळा. ऐकायला सोपं वाटतं. करणाऱ्या आईला विचारा.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या १२१ किशोरवयीन रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. उपचार संपल्यावर वर्षभराने, कुटुंबासह उपचार घेतलेल्यांपैकी ४९ टक्के पूर्ण बरे होते, एकट्याने घेतलेल्यांपैकी २३ टक्के. दुपटीहून थोडे जास्तच. तरीही निम्मी मुलं पूर्ण बरी झालेली नव्हती, हेही त्याच आकड्यात आहे.

आणि हे कोणी आपल्या मनाने सुरू करू नये. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने घसरू शकतं आणि हृदयावर बेतू शकतं. त्यामुळे आधी तपासणी आणि पुढे डॉक्टरांचं लक्ष हवंच. कुठे जावं कळत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे. पोट साफ करणारे काढे, ‘डिटॉक्स’, उपासाचे प्रयोग हे पर्यायी उपचार म्हणून विकले जातात. या आजारात ते घातकच आहेत.

योगाचं तसं नाही. २०१० मध्येच आलेल्या ५४ रुग्णांच्या एका छोट्या चाचणीत नेहमीच्या उपचारांबरोबर आठ आठवडे योग शिकवला, तेव्हा विकाराची लक्षणं अधिक कमी झाली आणि सत्रानंतर डोक्यातलं अन्नाचं चक्र थोडं मंदावलं. पण ‘बरोबर’ हा शब्द निसटू देऊ नका. इथे आसनं करायची ती शरीराशी पुन्हा ओळख व्हावी म्हणून. वजन उतरवायला केली, तर तीही आजाराच्याच कामी येतात.

वजन सावरू लागलं, जेवणावरची भांडणं ओसरली, की दुसरा टप्पा येतो. आता सूत्रं हळूहळू मुलीच्या हाती द्यायची. आधी आईच्या नजरेसमोर तिने स्वतः वाढून घ्यायचं. मग कधीतरी शाळेतला डबा, मैत्रिणींबरोबर, कोणी न बघता.