त्वचेचा कर्करोग : अतिवृद्धांतील शस्त्रक्रियेचा निर्णय

ऐंशी-पंचाऐंशीच्या पुढच्या रुग्णाच्या त्वचेवरची कर्करोगाची गाठ काढावी, दुसरा उपचार करावा की नुसते लक्ष ठेवावे, हे ठरवण्याची प्रक्रिया. ‘आता या वयात कशाला कापाकापी?’ ही घरच्यांची शंका रास्तच असते, पण उत्तर वयापेक्षा गाठीच्या जातीवर जास्त अवलंबून असते. म्हणून आधी तेवढा भाग बधिर करून तुकडा तपासणीला पाठवतात.

यातली एक जात, बेसल सेल कार्सिनोमा, सावकाश वाढते आणि शरीरात क्वचितच पसरते. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर हा कर्करोग बहुधा काळपट दिसतो, त्यामुळे तीळ समजून वर्षानुवर्षे राहून जातो. कडेला मोत्यासारखी चमक, मध्ये न भरणारी खपली, तोंड पुसले की पंचाला रक्ताचा ठिपका. पाठीवर लहानसा असेल आणि रुग्ण अंथरुणाला खिळलेला असेल, तर दर काही महिन्यांनी मोजत थांबणे योग्यच. पापणीपाशी किंवा नाकपुडीवर मात्र थांबू नये. तो खोल पोखरत जातो. दुसरा, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, काही महिन्यांतच वाढतो, लसीकाग्रंथींत पसरू शकतो. भाजल्याच्या जुन्या व्रणावर चिघळलेली जखम दिसली तर हीच शंका आधी घ्यावी. तो तसाच सोडला तर पुढे दुर्गंधी, रक्तस्राव आणि रोजचे ड्रेसिंग मागे लागते, आणि ते शस्त्रक्रियेपेक्षा जास्त हाल करते.

लहान गाठीला पूर्ण भूल लागत नाही. तेवढाच भाग बधिर करणारे लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊन बेसल सेलभोवती साधारण ४ मिमी, तर कमी जोखमीच्या स्क्वॅमसभोवती ४ ते ६ मिमी निरोगी त्वचेसह गाठ काढतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. पक्षाघाताचा धोका जखमेतून थोडे रक्त येण्यापेक्षा मोठा आहे. वॉरफरिन ही त्यातली गोळी चालू असल्यास आधी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप, तपासतात. खरी अडचण नंतर येते. पोटरीखालची जखम भरायला फार वेळ घेते, आणि स्मृतिभ्रंशाचे रुग्ण टाके ओढतात.

रेडिओथेरपीत कापावे लागत नाही, पण अनेक फेऱ्या होतात. पेठेतल्या लिफ्ट नसलेल्या वाड्यातून आजींना खुर्चीत बसवून पुन:पुन्हा खाली आणण्यापेक्षा एकदाच टेबलावर घेणे पुष्कळदा सोपे पडते. वरवरच्या बेसल सेलवर इमिक्विमॉड मलम आठवड्यातून ५ दिवस, ६ आठवडे लावतात. त्वचा लाल होऊन सोलते, हे घरी आधीच सांगावे.

सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण आहे. पुण्यातल्या ससूनसारख्या सरकारी रुग्णालयाचा मार्गही खुला असतो. संमती मुलाकडून नव्हे, भान असेपर्यंत रुग्णाकडूनच घ्यावी : कानयंत्र लावून, समोर बसून, गाठ नेमकी कुठवर कापणार ते आरशात दाखवून.