राक्षस जागवणारा डॉक्टर आणि कांदोळीचे पाद्री

१९५६ साली अमेरिकेत ‘द शी-क्रीचर’ नावाचा एक स्वस्तातला भयपट आला. समुद्रकिनाऱ्यावरच्या जत्रेत खेळ करणारा डॉ. लोम्बार्डी नावाचा संमोहक आपल्या सहायक तरुणीला झोपवतो आणि एकेक जन्म मागे नेत थेट आदिम काळात पोचवतो. त्या काळातले तिचे रूप, एक जलचर राक्षसीण, मग पाण्यातून वर येते आणि माणसे मारू लागते. राक्षसिणीचा पोशाख पॉल ब्लेझडेल यांनी स्वतःच्या हातांनी बनवला होता: अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यांवर फोम रबराचे तुकडे चिकटवून केलेले खवले आणि मागे जाडजूड शेपूट. तो घालून कॅमेऱ्यासमोर वावरायचेही त्यांनीच. पुढच्याच वर्षी हा पोशाख थोडा बदलून दुसऱ्या सिनेमात वापरला गेला, इतकी पैशांची चणचण होती. असे सिनेमे मला मनापासून आवडतात, कारण आपल्या काळाची भीती ते कसलीही सजावट न करता पडद्यावर आणतात.

त्या वर्षी अमेरिकेत पूर्वजन्माचे वेड पसरले होते. कोलोराडोतली एक गृहिणी संमोहनात असताना ‘मी एकोणिसाव्या शतकातल्या आयर्लंडची ब्रायडी मर्फी’ असे सांगू लागली आणि तिला संमोहित करणाऱ्या हौशी गृहस्थाने लिहिलेले पुस्तक धडाक्यात खपले. पत्रकारांनी आयर्लंड पालथे घातले, पण अशा बाईच्या जन्माची किंवा मृत्यूची नोंद सापडेना. मग शिकागोच्या एका वृत्तपत्राने छापले की गृहिणीच्या बालपणीच्या घरासमोर एक आयरिश बाई राहत असे आणि तिचे माहेरचे नाव होते ब्रायडी मर्फी.

पणजीत जुन्या सचिवालयाच्या कडेला आबे फारिया या गोव्याच्या पाद्री संमोहकाचा पुतळा आहे. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली उभा राहिला. झग्याच्या घड्या वाऱ्यावर फुगलेल्या, दोन्ही हात पुढे ताणलेले, आणि त्या हातांखाली मागे कलंडत चाललेली बाई. शिल्प म्हणून ते जबरदस्तच आहे. पण पाहणाऱ्याला वाटते की त्या बोटांतून काहीतरी बाहेर पडतेय आणि बाईला पाडतेय. लोम्बार्डीच्या पोस्टरवरही तो सहज शोभला असता. नेमके हेच फारियांनी आयुष्यभर नाकारले होते.

त्यांचा जन्म १७५६ चा, कांदोळीचा. लहान वयातच ते वडिलांबरोबर लिस्बनला गेले. तिथली एक आख्यायिका गोव्यात आजही सांगतात. राणीपुढे प्रवचन द्यायला उभे राहिल्यावर त्यांची वाचाच बसली, तेव्हा खालून वडील कोकणीत पुटपुटले, ‘कातर रे भाजी’. समोरची मंडळी म्हणजे नुसती भाजी, काप बिनधास्त! आणि बोलणे सुरू झाले.

१८१३ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये जाहीर व्याख्याने सुरू केली. तोवर मेस्मर या जर्मन डॉक्टरचे नाव गाजत होते. माणसामाणसांत चुंबकी द्रव वाहतो आणि तो हातांनी हलवता येतो, असा त्याचा दावा. १७८४ साली बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांच्या समितीने तो तपासला होता. बागेतल्या एका झाडाला ‘चुंबकत्व’ दिले आणि डोळे बांधलेल्या मुलाला एकेका झाडापाशी नेले. मुलगा बेशुद्ध पडला, पण भलत्याच झाडापाशी! समितीने हा कल्पनेचा परिणाम ठरवला आणि विषय मिटवला. फारियांनी मात्र तिथूनच पुढचा प्रश्न विचारला: नुसत्या कल्पनेने माणूस बेशुद्ध पडतो तरी कसा? ते समोरच्याला खुर्चीत बसवत, मन एकाग्र करायला सांगत आणि ठाम आवाजात हुकूम देत, ‘झोपा!’ हातवारे नाहीत, द्रव नाही. ही झोप संमोहकाकडून येत नाही, ती झोपणाऱ्याच्या आतूनच येते, असे त्यांचे म्हणणे. काही लोक सहज का झोपतात, याचे कारण मात्र ते रक्ताच्या पातळपणात शोधत राहिले, आणि ते टिकले नाही. १८१६ साली पॅरिसच्या रंगभूमीवर त्यांची टर उडवणारा फार्स आला आणि त्यांची व्याख्याने ओस पडली. १८१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढच्या संशोधनाने मूळ मुद्द्यावर त्यांचीच बाजू उचलून धरली. संमोहनक्षमता ही ज्याच्या-त्याच्यात कमीअधिक असते. साधारण दहा ते पंधरा टक्के लोक त्यात खोलवर जातात. रंगमंचावर प्रयोग करणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. तो आधी सगळ्या सभागृहाला बोटे एकमेकांत गुंतवायला लावतो, ‘आता सुटणार नाहीत’ म्हणतो, आणि ज्यांची खरोखर सुटत नाहीत त्यांनाच वर बोलावतो.

मग संमोहित माणसाकडून खून करवता येईल का? १९६५ साली मार्टिन ऑर्न आणि फ्रेडरिक इव्हान्स या संशोधकांनी सहा संमोहित व्यक्तींना विषारी साप पकडायला आणि संशोधकाच्या तोंडावर आम्ल फेकायला सांगितले. धोका टाळण्याची सोय अर्थातच गुपचूप केली होती. पाच जणांनी सगळे केले. अंगावर काटा येतो ना? पण ज्या सहा जणांना संमोहित असल्याचे नुसते सोंग करायला सांगितले होते, त्या सगळ्यांनीही तेच केले. प्रयोगशाळेत आपल्याला कोणी इजा होऊ देणार नाही, ही त्यांची खात्री होती. हुकूम चालला तो त्या विश्वासावर. त्याला संमोहनाची गरजच नव्हती.

खरा धोका आठवणींचा आहे. संमोहनात माणूस जास्त आठवणी सांगतो, पण त्यांत चुकीच्याही वाढतात आणि त्या खऱ्याच आहेत अशी त्याची खात्री होते. म्हणून कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली संमोहनाने ‘जाग्या केलेल्या’ साक्षींवर कडक बंधने घातली. दुसरीकडे, १९८४ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी दाखवले की आतड्यांच्या जुनाट दुखण्याला, ज्याला आयबीएस म्हणतात, संमोहनाने चांगला आराम पडतो. तिथे रुग्णाला त्याची स्वतःची एकाग्रता वापरायला शिकवतात, घरी रोज सराव करायला लावतात, आणि काही आठवड्यांनी डॉक्टरांशिवायही त्याला ते जमू लागते.