तीन वर्षे उलटली तरी गुन्हा पुसला जात नाही

मुंबईत गटारी किंवा ३१ डिसेंबरच्या नाकाबंदीचा विषय निघाला की एक समज हमखास ऐकू येतो: दारू पिऊन गाडी चालवताना सापडल्यास दंड भरून सुटता येते, आणि पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षे झाली की पाटी कोरी होते. यातील दुसऱ्या भागाला एके काळी आधार होता. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ मध्ये, आधीच्या गुन्ह्यापासून तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडणाऱ्यालाच वाढीव शिक्षा होती. २०१९ च्या दुरुस्तीने मात्र ती मुदतच वगळली. त्यामुळे आता दुसरा गुन्हा कितीही वर्षांनी घडला तरी तो दुसराच मोजला जातो आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पहिल्या गुन्ह्यासाठी हेच प्रमाण सहा महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही असे आहे.

पहिला भाग तर मुळातच चुकीचा आहे. हेल्मेट नसल्याचा दंड ई-चलानने मिटतो, पण कलम १८५ चा गुन्हा जागेवर तडजोडीने मिटवण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. प्रकरण न्यायालयातच जाते. शिवाय पोलीस परवाना जप्त करून, तो अपात्र किंवा रद्द ठरवण्याच्या कार्यवाहीसाठी परवाना प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्या बोलीत आरटीओकडे, पाठवू शकतात. चाचणीसाठी फुंकायला नकार देणे हीदेखील पळवाट नव्हे, कारण मद्यपानाचा वाजवी संशय असल्यास अशा चालकाला वॉरंटशिवाय अटक करता येते.