शिशावरची साय: काढायची की परत जिरवायची?

शिसं वितळवायचं भांडं तापलं की थोड्याच वेळात धातूवर राखाडी कातडी धरते. नवा माणूस लगेच पळी उचलतो आणि ती कातडी खरवडून डब्यात टाकतो. पुन्हा धरली की पुन्हा काढतो. तासाभराने डबा भरतो, भांडं रिकामं होत जातं, आणि आपण धातू अगदी स्वच्छ ठेवला असं त्याला वाटतं. विचारलं तर म्हणतो, "मळी काढली, म्हणजे फ्लक्स केलं." इथेच सगळी गडबड आहे. फ्लक्स करणं म्हणजे भुसा किंवा मेण घालून, ढवळून ती कातडी परत धातूत जिरवणं. मळी काढणं आणि फ्लक्स करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं काम दुसऱ्याच्या आधी केलं तर ते नुकसानीचं आहे.

मी घरी ओळंबे, गळाची वजनं आणि काचेच्या कपाटात ठेवायचे रंगीत सैनिक ओततो. दिवाळीच्या किल्ल्यावर मुलांच्या हातात जाणारे मावळे कुंभारवाड्यातले मातीचेच हवेत, शिशाचे कधीच नाहीत. भांड्यांबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक अमेरिकेतल्या घरी बंदुकीच्या गोळ्या ओतणाऱ्या लोकांचं. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, त्यामुळे तो भाग आपल्या कामाचा नाही. पण भांडं, तापमान आणि मळी यांबद्दलचा त्यांचा अनुभव आपल्याला जसाच्या तसा लागू पडतो.

भांड्यांचे दोन प्रकार तुम्हाला माहीत असतीलच. एक साधं, ज्यातून पळीने धातू उचलून साच्यात ओतायचा. दुसऱ्याच्या बुडाला तोटी असते आणि दांडा उचलला की धातू खालून पडतो. पळीवालं स्वस्त आणि दुरुस्तीला सोपं, तोटीवालं वेगवान. यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मला त्यात फारसं काही दिसत नाही. महिन्यातून एकदा ओतणार असाल तर पळीवालं घ्या. आणि बाहेरून मागवताना २२० व्होल्टचं आहे ना, एवढं नक्की बघा. ११० व्होल्टचं भांडं आपल्या २३० व्होल्टवर लावलं तर ते चौपटीहून जास्त वीज ओढतं आणि कॉइल जळते.

आता मुद्द्याची गोष्ट.

वर धरणारी ती कातडी म्हणजे कचरा नव्हे. तो धातूच आहे, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग झालेला. दुधावर साय धरते तशी ती धरते, आणि सायीसारखीच ती मोलाची आहे. शिशात कथील मिसळलेलं असेल तर ती अधिकच मोलाची, कारण कथील शिशाच्या आधी ऑक्सिजन पकडतं. म्हणजे वरच्या पातळ थरात कथिलाचं प्रमाण खालच्या धातूपेक्षा जास्त असतं. दर वेळी ती साय खरवडून फेकली की भांड्यातलं कथील हळूहळू कमी होत जातं. कथील शिशाच्या कित्येक पट महाग, आणि साच्याचे कोनेकोपरे भरतात ते त्याच्यामुळेच. शेकडा दोन भाग कथील असलं तरी सैनिकाच्या पगडीची घडी दिसते. ते संपलं की घडी जाते आणि नाक बोथट होतं, मग लोक साच्याला दोष देतात.

माझ्या पहिल्या वर्षी हेच झालं. एका बंद पडलेल्या छापखान्यातले खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, मला मिळाले होते. खिळ्यांचा धातू म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील, ओतकामासाठी याहून चांगला माल मिळणं कठीण. मी तो एका बाजूने वितळवला आणि दुसऱ्या बाजूने खरवडत गेलो. वर साबुदाण्याच्या खिरीसारखं दाट काहीतरी तरंगत होतं, ते मी डबाभर काढलं. ती मळी नव्हतीच. तापमान कमी असल्यामुळे पूर्ण न वितळलेले अँटिमनीचे आणि कथिलाचे स्फटिक होते ते. आच वाढवून ढवळलं असतं तर सगळं परत धातूत गेलं असतं. पिढ्यान्‌पिढ्या मराठी अक्षरं छापलेला तो धातू मी हाताने वेगळा करून टाकून दिला, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

याच गैरसमजातून दुसरा एक निघतो. लोक सांगतात की कथील हलकं, शिसं जड, म्हणून कथील वर तरंगून वेगळं होतं आणि ते परत मिसळायला फ्लक्स लागतं. कथिलाची घनता ७.३ आणि शिशाची ११.३ हे खरं. पण वितळलेल्या शिशात कथील विरघळलेलं असतं. पाण्यात विरघळलेली साखर जशी आपोआप तळाशी बसत नाही, तसं विरघळलेलं कथीलही आपोआप वर येत नाही. वर जमतं ते फक्त ऑक्साइड. फ्लक्स करायचं ते कथील मिसळायला नव्हे. ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घ्यायचा, मळीत अडकलेले धातूचे थेंब सोडवायचे आणि खरी घाण सुटी करायची, यासाठी ते करायचं.

मी असं करतो. तापमान ३६० ते ३८० अंश सेल्सिअसवर आणतो. शुद्ध शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि कथील २३२ अंशांना, म्हणजे एवढी आच पुरेशी आहे. वर बोटभर जाडीचा कोरडा लाकडी भुसा टाकतो. आमच्या पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये साध्या लाकडाचा भुसा मिळतो. प्लायवूडचा किंवा एमडीएफचा घेऊ नका, त्यातला डिंक जळून विषारी धूर होतो. भुसा लगेच ढवळायचा नाही. तो आधी काळा पडून कोळसा होऊ द्यायचा, म्हणजे त्यातला ओलावा निघून जातो. धूर यायला लागला की काडी लावून तो पेटवायचा, धूर कमी होतो. मग पळीने ढवळायला घ्यायचं. तळ खरवडायचा, कडा खरवडायच्या, वरचे राखाडी गोळे भांड्याच्या भिंतीवर दाबून फोडायचे. दहा-बारा मिनिटांत ती कातडी दिसेनाशी होते, खाली आरशासारखा धातू दिसतो आणि वर उरते तपकिरी-काळी भुकटी. ही भुकटी म्हणजे आपली बेरी. लोणी कढवताना आधी तूप सुटू देतो आणि बेरी शेवटी गाळतो, तसंच. आता पळी चालवा, आता मळी काढा. आधी नाही.

मेणबत्तीच्या मेणाचा बोराएवढा तुकडाही चालतो. पण मेण वरची साय जिरवतं, माती आणि गंज काढायला मात्र भुशाइतकं उपयोगी पडत नाही. भंगारातलं शिसं असेल तर भुसाच. घरचंच स्वच्छ शिसं पुन्हा तापवत असाल तर मेण पुरतं.

फ्लक्स या शब्दानेही घोळ घातला आहे. कल्हईवाला तांब्या-पितळेच्या भांड्यावर नवसागर टाकतो, तोही फ्लक्सच. तांबट आळीत वाढलेल्या माणसाला तोच आठवणार, आणि तो नवसागर शिशाच्या भांड्यात टाकतो. टाकू नका. नवसागराचं काम तांब्याचा पृष्ठभाग साफ करण्याचं आहे, म्हणजे कथील त्याला धरतं. शिशाच्या भांड्यात तो टाकला तर नाकाडोळ्यांत झोंबणारा पांढरा धूर येतो, आणि मागे राहणारे क्षार हवेतलं पाणी ओढून लोखंडी भांडं खातात. सोल्डरिंगच्या डबीतली पेस्टही याच कारणासाठी नको.

आता भांडं निवडण्याचा प्रश्न वेगळ्या अंगाने बघा. पळी की तोटी, यापेक्षा महत्त्वाचं असं की गाळायचं भांडं आणि ओतायचं भांडं वेगळं हवं. तोटीच्या भांड्यात भुसा घालून ढवळलं की राखेचे कण भिंतीला चिकटून धातूच्या खाली जातात. शिसं कितीही जड असलं तरी भिंतीला चिकटलेला कण वर येत नाही. तो सरकत तोटीपाशी पोचतो, तिथे अडकतो, आणि तोटी ठिबकायला लागते. तोटी गळते म्हणून कंपनीला शिव्या घालणाऱ्या बहुतेकांचं खरं कारण मला हेच दिसतं. दांड्याच्या वरच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून तो अर्धा-एक फेरा फिरवला की बरेचदा गळती थांबते. नाही थांबली तर भांडं रिकामं करा, थंड झाल्यावर दांडा काढा आणि व्हॉल्व्ह घासायच्या बारीक पेस्टने दांड्याचं टोक त्याच्या जागेवर घासून बसवा.

म्हणून भंगार गाळायला जाड बुडाची लोखंडी कढई आणि गॅसची शेगडी ठेवा. बोहरी आळीत अशी कढई सहज मिळते. भुसा, ढवळणं, मळी, सगळं तिच्यात करा. तिच्यातून स्वच्छ विटा पाडून ठेवा आणि ओतायच्या भांड्यात फक्त त्या विटा घाला. तोटीच्या भांड्यात वर धरलेली साय तशीच राहू द्यावी, हे लोकांना पटत नाही. ती खालच्या धातूवर झाकणासारखं काम करते आणि धातू तर तोटीतून खालूनच जातो. पळीवाल्या भांड्यात हे जमत नाही, दर खेपेला साय फुटते, म्हणून तिथे अर्ध्या-पाऊण तासाने चिमूटभर मेण घालून ती जिरवावी लागते. दोन भांड्यांतला खरा फरक असेल तर हा.

अ‍ॅल्युमिनिअमचं पातेलं मात्र अजिबात वापरू नका. धातूच्या ओझ्याखाली आणि गॅसच्या आचेवर ते मऊ पडतं, आणि बूड गेलं तर पाच-सात किलो वितळलेलं शिसं पायावर येतं. पितळ-तांब्याची भांडीही नकोत, कथील तांब्याला खातं. जस्ताचा मुलामा असलेली बादली तर मुळीच नको.

जस्ताबद्दल आणखी एक. टायरवाल्याकडून चाकांच्या बॅलन्सिंगची वजनं गोळा करणारे पुष्कळ आहेत, मीही करतो. त्यांत आता जस्ताची आणि पोलादाची वजनंही येतात. जस्त ४२० अंशांना वितळतं. कढई ३६०च्या आसपास ठेवली तर जस्ताचा तुकडा न वितळता वर तरंगतो आणि चिमट्याने उचलता येतो. आच बेफाम वाढवणाऱ्याच्या कढईत तो विरघळतो आणि धातू लापशीसारखा होतो. ते भुशाने, मेणाने निघत नाही. म्हणून थर्मामीटर हवाच. भांड्यावरच्या बटणाचे १ ते १० आकडे म्हणजे अंश नव्हेत. तपकीर गल्लीत के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) आणि त्याचं मीटर मिळतं, तोटीच्या भांड्याआधी ते घ्या.

जुन्या गाडीच्या बॅटऱ्या फोडून शिसं काढू नका. आत आम्ल असतंच, शिवाय प्लेटांमध्ये कॅल्शियम आणि आर्सेनिकही असू शकतं. तिची मळी ओलावली तर आर्सेनिकचा विषारी वायू सुटू शकतो. बॅटरी दुकानदाराला परत द्यायची. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी स्वस्तात पडलेल्या शिशाच्या काळपट प्लेटा दिसल्या तरी त्या बॅटरीतल्याच समजा.

पावसाळा हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा धोका. पाण्याची वाफ झाली की ती मूळच्या १६०० पटींहून जास्त जागा मागते. वितळलेल्या शिशाखाली एक थेंब गेला तरी धातू कारंज्यासारखा उडतो. जून ते सप्टेंबर विटा दमट असतात, कोरड्या दिसल्या तरी. भांड्याच्या कडेवर ठेवून गरम केल्याशिवाय एकही वीट आत सोडू नका, आणि पळीही तशीच तापवून घ्या. गच्चीवर काम करत असाल तर आभाळ बघून भांडं लावा. चश्मा, चामड्याचे हातमोजे, पूर्ण बूट आणि सुती कपडे हवेतच.

काम संपल्यावर भांड्यात दोन बोटं धातू राहू द्या, बूड गंजत नाही. पुढच्या वेळी आच हळूहळू वाढवा. भिंतीवरचा गंज कोरड्या तारेच्या ब्रशने घासू नका, त्याची धूळ उडते. थंड भांडं ओल्या फडक्याने पुसा आणि नंतर तापवून पूर्ण वाळवा.

धुळीबद्दल हे लक्षात ठेवा. लोक शिशाच्या वाफेला घाबरतात, पण शिसं उकळतं ते सतराशे अंशांच्या वर, आणि ४०० अंशांखाली त्याची वाफ नगण्य असते. शरीरात जातं ते मळीच्या भुकटीतून, हाताला लागून, मग चहाच्या कपातून. लहान मुलांसाठी तर शिशाचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण ठरवता आलेलं नाही. म्हणून काढलेली भुकटी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकून वर 'शिसं' असं ठळक लिहा. ती कचऱ्याच्या गाडीत किंवा कुंडीतल्या मातीत टाकायची नाही. डबा भरला की शिशाचं पुनर्चक्रण करणाऱ्या अधिकृत भंगारवाल्याकडे द्या. फ्लक्स नीट केलं असेल तर तो डबा भरायला बरेच महिने लागतात, आणि हातात घेतला तर हलका लागतो. जड लागला तर आत अजून धातू आहे. तो गाळायच्या कढईत परत टाका आणि भुसा घालून पुन्हा ढवळा.